झॅबिक्स : मशीन सापडणं वेगळं, डेटा येणं वेगळं – दोन्ही जमवायचा नीट क्रम

झॅबिक्स हे सर्व्हर, स्विच वगैरे मशिनांवर लक्ष ठेवणारं (मॉनिटरिंग) सॉफ्टवेअर. ते नवीन बसवणाऱ्यांकडून फिरून फिरून दोनच तक्रारी येतात. एक, "डिस्कव्हरी (आपोआप शोध) लावली पण होस्ट (झॅबिक्सच्या यादीतली मशिनं) येतच नाहीयेत". दुसरी, "होस्ट आले पण आत डेटा शून्य". आणि दोन्हीच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, ती म्हणजे मशीन शोधणं आणि त्याचा डेटा गोळा करणं ही दोन वेगळी कामं आहेत हे लक्षात न घेता सगळं एकदम चालू केलेलं असतं.

त्यात 'डिस्कव्हरी' या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी फिरत असतात, त्या आधी सुट्या करून घेऊ.

नेटवर्क डिस्कव्हरी म्हणजे झॅबिक्सचा सर्व्हर स्वतः आयपी रेंज चाळत जातो आणि कोण उत्तर देतंय ते नोंदवतो. ऑटो-रजिस्ट्रेशन उलटं, तिथे एजंट (प्रत्येक मशीनवर बसवलेला झॅबिक्सचा छोटा प्रोग्राम) स्वतःहून सर्व्हरकडे येतो आणि मी अमुक नावाचं मशीन आहे असं सांगतो. आणि लो-लेव्हल डिस्कव्हरी, जिला सगळे एलएलडी म्हणतात, ती मशीन शोधतच नाही. आधीच माहीत असलेल्या मशीनच्या आत डिस्क किती, नेटवर्क कार्ड किती, विंडोज सर्व्हिस कुठल्या, हे शोधते.

बहुतेक लोक नेटवर्क डिस्कव्हरीपासून सुरुवात करतात कारण मेनूत ते नाव आधी डोळ्यात भरतं. माझं स्पष्ट मत आहे की ती सगळ्यात शेवटी लावायची. आधी एक मशीन हाताने, मग एलएलडी, मग ऑटो-रजिस्ट्रेशन आणि मग राहिलेलं काही सुटलंय का ते बघायला नेटवर्क स्कॅन. खालचा क्रम तसाच आहे.

मेनूची नावं ६.४ नंतरच्या आवृत्त्यांप्रमाणे दिली आहेत, म्हणजे ७.० वापरणाऱ्यांना तशीच दिसतील. जुन्या आवृत्तीत 'डेटा कलेक्शन'च्या जागी 'कॉन्फिगरेशन' असतं. कॉन्फिग फाईलमधले शब्द मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, फाईलमध्ये ते मूळ स्पेलिंगनेच आणि जोडून लिहायचे.

## टप्पा १ : सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधीची तयारी

पहिलं काम, नावं. प्रत्येक मशीनला एक आणि एकच नाव ठरवा आणि ते कुठेतरी शीटमध्ये लिहून ठेवा, उदाहरणार्थ 'पुणे-डीबी-०१', 'नाशिक-फाईल-०२'. अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत (एजंट स्वतःहून डेटा पाठवतो ती, टप्पा २ बघा) सर्व्हर मशीनला आयपीवरून ओळखत नाही, नावावरून ओळखतो, आणि तेही कॅपिटल-स्मॉल अक्षरासकट तंतोतंत जुळावं लागतं. त्यामुळे नाव म्हणजे इथे शोभेची गोष्ट नाही, ओळखपत्रच आहे.

विंडोजवाल्यांनी एक गोष्ट विशेष बघावी. एजंट स्वतः नाव काढतो तेव्हा विंडोजवर तो नेटबायोस नाव देतो, जे कॅपिटल असतं आणि १५ अक्षरांवर कापलं जातं. म्हणजे तुमच्या दोन मशिनांची नावं पहिल्या १५ अक्षरांत सारखी असली तर गडबड होणार हे नक्की. एकतर नावं छोटी ठेवा, नाहीतर फाईलमध्ये 'होस्टनेम' हाताने लिहा.

दुसरं, घड्याळ. अ‍ॅक्टिव्ह एजंट स्वतःच्या घड्याळातली वेळ लावून डेटा पाठवतो. मशीनचं घड्याळ वीस मिनिटं मागे असेल तर डेटा वीस मिनिटं जुना म्हणून पडेल, आणि तुम्ही 'शेवटच्या १५ मिनिटांचा' ग्राफ उघडून रिकामं पान बघत बसाल. लिनक्सवर क्रोनी (घड्याळ जुळवणारी सर्व्हिस) चालू आहे का, विंडोजवर टाइम सर्व्हिस डोमेन कंट्रोलरशी जुळलीय का, हे आत्ताच बघून घ्या.

तिसरं, पोर्ट. एवढेच लागतात:

- १००५० टीसीपी : सर्व्हरकडून मशीनकडे (पॅसिव्ह, म्हणजे सर्व्हर विचारतो)
- १००५१ टीसीपी : मशीनकडून सर्व्हरकडे किंवा प्रॉक्सीकडे (अ‍ॅक्टिव्ह)
- १६१ यूडीपी : स्विच, राउटर, प्रिंटर, यूपीएस वगैरेंना एसएनएमपीने (अशा उपकरणांशी बोलायचा ठरलेला प्रोटोकॉल) विचारण्यासाठी
- १६२ यूडीपी : ती उपकरणं स्वतःहून ट्रॅप (सूचना) पाठवतात तेव्हा

> तपासा : नावांची शीट तयार आहे, त्यात एकही नाव दोनदा नाही, आणि सर्व्हरच्या मशीनवर १००५१ उघडा आहे. हे तिन्ही झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : डेटा कुठल्या दिशेने येणार ते ठरवा

ही पायरी लोक वगळतात आणि मग सगळं अडतं.

पॅसिव्हमध्ये सर्व्हर प्रत्येक वेळी मशीनच्या १००५० वर कनेक्शन करतो, "सीपीयू लोड किती?" असं विचारतो, एजंट उत्तर देतो, कनेक्शन बंद. अ‍ॅक्टिव्हमध्ये एजंट आधी सर्व्हरकडे जाऊन यादी मागतो, की माझ्याकडून काय काय आणि किती किती वेळाने हवंय. मग स्वतःच मोजत राहतो आणि गोळा झालेलं १००५१ वर पाठवून देतो. मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस घरी येतो ते पॅसिव्ह, आपण मोबाईलवरून रीडिंग पाठवतो ते अ‍ॅक्टिव्ह.

निवड कशी करायची? मशीन आणि सर्व्हर एकाच लॅनमध्ये असतील, संख्या कमी असेल, तर पॅसिव्ह सोपं पडतं कारण तपासायला सोपं. पण मशीन नॅटच्या मागे असेल (राउटरआड, म्हणजे बाहेरून त्याच्या आयपीवर थेट पोचता येत नाही), दुसऱ्या शाखेत असेल, क्लाउडवर असेल, किंवा आयपी बदलत असेल तर सरळ अ‍ॅक्टिव्ह. मशिनं शंभरच्या पुढे जाणार असतील तरी अ‍ॅक्टिव्हच, कारण विचारण्याचा भार सर्व्हरवरून उतरतो. शिवाय मधे नेटवर्क गेलं तर अ‍ॅक्टिव्ह एजंट काही मोजमापं बफरमध्ये धरून ठेवतो आणि लाईन आली की पाठवतो, पॅसिव्हमध्ये तो वेळ कायमचा रिकामा राहतो. बफर मात्र छोटा असतो, जुन्या एजंटमध्ये मुळात १०० मोजमापांचा आणि एजंट २ मध्ये १००० चा, त्यामुळे रात्रभर लाईन बंद राहिली तर त्यावर विसंबू नका.

शाखेत दहा-पंधराच्या वर मशिनं असतील तर तिथे एक प्रॉक्सी बसवा. सगळे एजंट प्रॉक्सीशी बोलतील आणि एकटी प्रॉक्सी मुख्य सर्व्हरशी. लाईन तुटल्यावर प्रॉक्सी मुळात १ तासाचा डेटा राखून ठेवते. शाखेची लाईन वारंवार जाते हे माहीत असेल तर 'प्रॉक्सी-ऑफलाइन-बफर' वाढवून २४ तास करा, डिस्कवर जागा मात्र बघून.

> थांबा : दिशा ठरली की टेम्प्लेटही (काय काय मोजायचं याची तयार यादी) त्याच दिशेचं घ्यायचं. झॅबिक्ससोबत लिनक्स आणि विंडोजसाठी दोन-दोन टेम्प्लेट येतात, एक साधं आणि एकाच्या नावाच्या शेवटी 'अ‍ॅक्टिव्ह' असतं. नॅटमागच्या मशीनला साधं टेम्प्लेट लावलं की सर्व्हर बिचारा न पोचणाऱ्या आयपीवर ठोकत राहतो आणि "एजंट चालू आहे तरी डेटा नाही" ही तक्रार सुरू होते.

## टप्पा ३ : एकच मशीन, हाताने

आता एक लिनक्स मशीन घ्या. एजंट बसवा, कॉन्फिग फाईल उघडा आणि या तीन ओळी बघा.

'सर्व्हर' : पॅसिव्हसाठी. मला कोण विचारू शकतो त्या आयपींची यादी.
'सर्व्हर-अ‍ॅक्टिव्ह' : अ‍ॅक्टिव्हसाठी. मी कोणाकडे जायचं तो पत्ता.
'होस्टनेम' : शीटमधलं नाव.

तिसऱ्या ओळीवर जरा जास्त थांबतो. पॅकेजमधून एजंट बसवला की या ओळीत आधीपासून 'झॅबिक्स सर्व्हर' हेच नाव भरलेलं असतं. ते तसंच ठेवून वीस मशिनांवर एजंट बसवला तर वीसही मशिनं सर्व्हरला एकाच नावाने ओळख देतात, आणि त्या नावाचा होस्ट तर झॅबिक्समध्ये पहिल्यापासून असतोच. मग खुद्द मॉनिटरिंग सर्व्हरच्या नावाखाली भलत्याच मशिनांचा डेटा पडायला लागतो. व्हीएमचं (आभासी मशीनचं) टेम्प्लेट बनवून क्लोन करता तेव्हाही अगदी हेच होतं, क्लोनमध्ये जुनं नाव तसंच राहतं. ओळखायची खूण अशी : मेमरीचा ग्राफ सरळ न चालता दर मिनिटाला दोन ठरावीक आकड्यांमध्ये खालीवर उड्या मारतो, समजा ३ जीबी, ११ जीबी, परत ३, परत ११. असा करवतीच्या दात्यांसारखा ग्राफ दिसला की मेमरी लीक शोधत बसू नका, आधी त्या नावाची दोन मशिनं चालू आहेत का ते शोधा.

ओळी भरून झाल्या की एजंट रीस्टार्ट करा. फाईल सेव्ह केली म्हणजे झालं नाही, रीस्टार्ट लागतोच.

आता तपासणी, आणि ती या क्रमानेच करा.

१. मशीनवरच, एजंटच्या चाचणीच्या पर्यायाने एखादी की (काय मोजायचं त्याचं नाव) चालवून बघा, उदाहरणार्थ 'एजंट डॉट पिंग'. उत्तर १ आलं पाहिजे. ही चाचणी रूटने चालवू नका, झॅबिक्स यूजरने चालवा, कारण सर्व्हिस त्या यूजरने चालते आणि रूटला दिसणारी फाईल तिला दिसेलच असं नाही. "हाताने चालतं पण झॅबिक्समध्ये येत नाही" यातली निम्मी प्रकरणं परवानगीची असतात.

२. मग सर्व्हरवरून, पॅसिव्ह असेल तर, झॅबिक्स-गेट कमांडने त्या मशीनला तीच की विचारा. इथे १ आला म्हणजे फायरवॉल आणि 'सर्व्हर' ओळ दोन्ही बरोबर. ही कमांड तुमच्या लॅपटॉपवरून चालवाल तर नकारच येईल, कारण लॅपटॉपचा आयपी यादीत नाही.

३. कनेक्शन होऊन लगेच तुटत असेल तर एजंटचा लॉग उघडा. 'रिजेक्टेड, अलाउड होस्ट्स' अशी ओळ असेल तर त्याच ओळीत आलेला आयपी आणि चालणारा आयपी दोन्ही लिहिलेले असतात, मधे नॅट आहे हे लगेच कळतं.

४. अ‍ॅक्टिव्ह असेल तर एजंटच्या लॉगमध्ये 'नो अ‍ॅक्टिव्ह चेक्स ऑन सर्व्हर' आणि पुढे 'होस्ट नॉट फाउंड' आहे का बघा. असेल तर नेटवर्क उत्तम चाललंय, फक्त त्या नावाचा होस्ट वेबवर अजून तयार नाही किंवा नाव जुळत नाहीये. फायरवॉलवाल्यांना फोन करायची गरज नाही.

हे झाल्यावरच वेबवर 'डेटा कलेक्शन', 'होस्ट्स' इथे जाऊन होस्ट तयार करा, नाव शीटमधून कॉपी-पेस्ट करा (टाईप करू नका, शेवटी एखादी स्पेस राहते), टेम्प्लेट लावा, आणि दोन-चार मिनिटं थांबा. जुन्या आवृत्त्यांत अ‍ॅक्टिव्ह एजंट दर २ मिनिटांनी यादी मागतो, म्हणजे लगेच काही दिसलं नाही म्हणून उपटाउपटी करू नका.

> तपासा : 'मॉनिटरिंग', 'लेटेस्ट डेटा' मध्ये त्या होस्टचे आकडे येतायत आणि 'लास्ट चेक'ची वेळ पुढे सरकतेय. होस्टच्या यादीतला हिरवा एजंट चिन्ह हा पुरेसा पुरावा नाही, तो फक्त संपर्क आहे एवढंच सांगतो.

## टप्पा ४ : मशीनच्या आतला शोध, म्हणजे एलएलडी

टेम्प्लेट लावलं की एलएलडीचे नियम आपोआप येतात. नियम ठरावीक वेळाने, बहुतेक टेम्प्लेटमध्ये तासाला एकदा, एजंटला विचारतो की तुझ्याकडे फाइलसिस्टिम कुठल्या. एजंट एक यादी पाठवतो, तिच्यात प्रत्येकाचं नाव आणि प्रकार असतो. सर्व्हर त्या यादीतल्या एकेका नावासाठी आयटम प्रोटोटाइपवरून (साच्यावरून) खरे आयटम (एकेक मोजमाप) बनवतो : किती जागा वापरली, किती टक्के, आयनोड (फाईलींच्या नोंदींची जागा) किती उरले. ट्रिगर (अलार्मच्या अटी) आणि ग्राफही तसेच.

म्हणून नवीन होस्ट जोडल्यावर डिस्कचे ग्राफ पहिला तासभर दिसत नाहीत, यात बिघाड काही नाही. घाई असेल तर होस्टच्या 'डिस्कव्हरी रूल्स'मध्ये जाऊन नियम निवडा आणि 'एक्झिक्युट नाऊ' दाबा.

खरा त्रास फिल्टरचा, म्हणजे यादीतलं काय वगळायचं त्या अटीचा, आहे. डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या मशीनवर प्रत्येक कंटेनरमागे एक आभासी नेटवर्क इंटरफेस आणि एक ओव्हरले फाइलसिस्टिम तयार होते, कंटेनर गेला की जाते, नवा आला की नव्या नावाने परत येते. फिल्टर नसेल तर झॅबिक्स त्या प्रत्येकाचा आयटम बनवतं. हिशोब करून बघा : ४० इंटरफेस, प्रत्येकी ८ आयटम, म्हणजे ३२० आयटम, दर मिनिटाला एक मोजमाप धरलं तर दिवसाला ४,६०,८०० आकडे. झॅबिक्सच्या डेटाबेसमध्ये एक आकडा साधारण ९० बाइट खातो, म्हणजे एका मशीनमागे दिवसाला सुमारे ४१ एमबी, आणि तेही अशा इंटरफेसचे ज्यांच्याकडे कोणी कधी बघणार नाही. अशी वीस मशिनं असली की आठवड्याभरात डेटाबेसची डिस्क का भरतेय हा प्रश्न पडतो.

झॅबिक्सच्या स्वतःच्या टेम्प्लेटमध्ये यासाठी यूजर मॅक्रो (आपल्याला बदलता येणाऱ्या किमती) दिलेले असतात, 'नॉट मॅचेस' नावाने शेवट होणारे. टेम्प्लेट उघडून त्यातला फिल्टर बदलू नका, कारण पुढच्या वेळी टेम्प्लेट अपडेट केलं की तुमचा बदल पुसला जाईल. होस्टवर किंवा ग्लोबल पातळीवर तोच मॅक्रो नव्या किमतीने भरा.

> थांबा : फिल्टर लावल्यावर जुने आयटम लगेच जात नाहीत. नियमात 'लॉस्ट रिसोर्सेस' किती दिवस ठेवायचे ते असतं, जुन्या आवृत्त्यांत मुळात ३० दिवस, ७.० मध्ये ७ दिवस. ही मुदत शून्य करायचा मोह टाळा. एखादी एनएफएस डिस्क रात्री पाच मिनिटं सुटली आणि नेमका तेव्हाच नियम चालला तर तिचा सगळा जुना इतिहास त्याच क्षणी जाईल.

## टप्पा ५ : काय, किती वेळाने

सगळंच दर ३० सेकंदांनी गोळा करायची गरज नसते. पिंग आणि सीपीयू मिनिटाला, डिस्कची जागा पाच मिनिटांना, ओएसचं नाव, सिरीयल नंबर, बसवलेली पॅकेजेस हे तासाला किंवा दिवसाला. जे क्वचित बदलतं त्यावर प्रीप्रोसेसिंगमध्ये (आकडा साठवण्याआधीच्या प्रक्रियेत) 'डिस्कार्ड अनचेंज्ड विथ हार्टबीट' लावा, म्हणजे तीच ती किंमत साठत नाही पण ठरावीक वेळाने एकदा तरी नोंद होते.

स्वतः आयटम बनवणाऱ्यांची नेहमीची चूक नेटवर्क ट्रॅफिकची. एजंट किंवा एसएनएमपी जो आकडा देतो तो मशीन चालू झाल्यापासूनची एकूण बेरीज असते. प्रीप्रोसेसिंगमध्ये 'चेंज पर सेकंद' लावलं नाही तर ग्राफ फक्त चढत जातो, आणि बाइटला ८ ने गुणलं नाही तर तुमचा १०० एमबीपीएसचा लीज लाईन कायम १२ वर अडकलेला दिसतो.

स्वतःची स्क्रिप्ट यूजर-पॅरामीटर म्हणून लावलीत तर ती ३ सेकंदांच्या आत संपली पाहिजे, मुळातली मुदत तेवढीच आहे. डेटाबेसला मोठी क्वेरी मारणारी स्क्रिप्ट असेल तर मुदत वाढवत बसण्यापेक्षा ती क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) वेगळी चालवा, निकाल फाईलमध्ये लिहा, आणि एजंटला फक्त फाईल वाचू द्या.

> तपासा : 'रिपोर्ट्स', 'सिस्टिम इन्फर्मेशन' मध्ये सेकंदाला किती नवीन आकडे लागतायत ते दिसतं. तो आकडा आत्ता लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक टप्प्यानंतर परत बघा. आणि 'क्यू'च्या (उशीर झालेल्या आयटमांच्या रांगेच्या) पानावर १० मिनिटांच्या रकान्यात आयटम साठत असतील तर नवीन मशीन जोडणं थांबवा, आधी ते सोडवा.

## टप्पा ६ : ऑटो-रजिस्ट्रेशन

आता कुठे बाकीची मशिनं आणायची वेळ झाली. एजंट यादी मागायला येतो आणि सर्व्हरला ते नाव माहीत नसतं, तेव्हा सर्व्हर नुसतं नाही म्हणून सोडून देत नाही, त्याची नोंद घेतो आणि ऑटो-रजिस्ट्रेशनची एखादी अ‍ॅक्शन (अट जुळली की काय करायचं तो नियम) लागू होते का ते बघतो. यासाठी 'सर्व्हर-अ‍ॅक्टिव्ह' ओळ भरलेली असावीच लागते. नुसत्या पॅसिव्ह एजंटने हे कधीच होणार नाही.

क्रम असा.

१. एजंटच्या फाईलमध्ये 'होस्ट-मेटाडेटा' (मशीनचं थोडक्यात वर्णन) ओळ भरा. उदाहरणार्थ 'लिनक्स डीबी नाशिक' आणि सोबत तुमचा एक गुप्त शब्द. दुसरा मार्ग म्हणजे 'होस्ट-मेटाडेटा-आयटम' मध्ये मशीनच्या ओएसची माहिती देणारी की द्यायची, मग सगळीकडे एकच फाईल चालते आणि लिनक्स की विंडोज एवढं तरी आपोआप कळतं.

२. 'अलर्ट्स', 'अ‍ॅक्शन्स', 'ऑटोरजिस्ट्रेशन अ‍ॅक्शन्स' इथे प्रत्येक प्रकाराला एक अ‍ॅक्शन करा. अट : मेटाडेटात 'लिनक्स' आहे, आणि गुप्त शब्दही आहे. काम : अमुक ग्रुपमध्ये टाका, अमुक टेम्प्लेट लावा.

३. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन', 'जनरल', 'ऑटोरजिस्ट्रेशन' मध्ये पीएसके (दोन्हीकडे आधीच दिलेली गुप्त किल्ली) चालू करा आणि 'नो एन्क्रिप्शन'ची खूण काढा. किल्ली किमान ३२ हेक्स अक्षरांची लागते, मी तर ६४ चीच वापरा म्हणेन. तीच किल्ली एजंटकडे फाईलमध्ये, आणि त्या फाईलची परवानगी फक्त झॅबिक्स यूजरला.

४. आधी दोन मशिनांवर करून बघा. आली की अ‍ॅन्सिबल किंवा ग्रुप पॉलिसीने (अनेक मशिनांवर एकदम बदल पाठवणारी साधनं) बाकीच्यांवर पाठवा, पण गटागटाने, आणि प्रत्येक गटानंतर टप्पा ५ मधला तो आकडा बघा.

> थांबा : अट नसलेली ऑटो-रजिस्ट्रेशन अ‍ॅक्शन कधीही ठेवू नका. १००५१ वर ज्याला पोचता येतं तो कोणीही कुठल्याही नावाने तुमच्या यादीत शिरू शकतो. क्लाउडवरच्या सर्व्हरला तर हा पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवणं म्हणजे दार सताड उघडं ठेवण्यातलाच प्रकार.

मशीन आलं पण टेम्प्लेट चुकीचं लागलं, असं झालं तर अ‍ॅक्शन दुरुस्त करून वाट बघत बसू नका. एकदा नोंदलेल्या मशीनवर अ‍ॅक्शन परत चालायला मेटाडेटा बदलावा लागतो. दोन-चार मशिनं असतील तर हाताने टेम्प्लेट बदला, जास्त असतील तर मेटाडेटात एखादा शब्द वाढवून एजंट रीस्टार्ट करा.

## टप्पा ७ : नेटवर्क डिस्कव्हरी, सुटलेलं शोधायला

स्विच, प्रिंटर, यूपीएस, आणि कोणीतरी न सांगता लावलेलं मशीन, यांच्यासाठी ही. नेटवर्क टीम वेगळी असेल तर आधी त्यांना कळवा, कारण स्कॅन सुरू झालं की त्यांच्या सुरक्षा यंत्रणेत पोर्ट स्कॅनचा अलार्म वाजू शकतो.

रेंज छोटी ठेवा, एका नियमाला एक सबनेट. ७.० च्या आधी एक नियम एकच प्रोसेस चालवते आणि पत्ते एकामागून एक बघते. २५४ पत्ते, तीन चेक, आणि उत्तर न देणाऱ्या पत्त्यावर प्रत्येक चेकला ३ सेकंद वाया, असं धरलं तर वाईटात वाईट ३८ मिनिटं. तोच हिशोब ६५,५३४ पत्त्यांच्या रेंजला लावला तर जवळपास सात दिवस होतात. ७.० मध्ये हे समांतर चालतं, पण म्हणून अख्खं नेटवर्क एका नियमात कोंबायचं कारण नाही.

चेक कुठले? फक्त पिंगवर विसंबू नका, विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तरच देत नाही, आणि उत्तर नाही म्हणजे मशीन नाही असं होत नाही. पिंग, एजंट आणि एसएनएमपी असे तीन ठेवा. एसएनएमपीला शक्यतो आवृत्ती ३, आणि आवृत्ती २ वापरावीच लागली तर 'पब्लिक' हा मुळातला पासवर्डसारखा शब्द आधी उपकरणावरच बदला. सर्व्हरवर एफपिंग (पिंग करणारा प्रोग्राम) बसवलेलं नसेल तर पिंगचा चेक चालणार नाही.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती गोष्ट. डिस्कव्हरी नियम होस्ट तयार करत नाही. तो फक्त 'सापडलं', 'चालू', 'हरवलं', 'बंद' अशा घटना नोंदवतो आणि त्या 'मॉनिटरिंग', 'डिस्कव्हरी'च्या पानावर दिसतात. होस्ट बनवायचं काम वेगळ्या डिस्कव्हरी अ‍ॅक्शनचं आहे. ती नसेल तर यादी भरलेली दिसते आणि होस्ट एकही येत नाही.

पण अ‍ॅक्शन लगेच लावू नका हेच माझं म्हणणं आहे. पहिला आठवडा नुसता नियम चालू ठेवा, यादी शीटशी ताडून बघा. मग अ‍ॅक्शन करताना अटी घाला : कुठल्या चेकने सापडलं, आलेल्या उत्तरात काय आहे, आणि 'अपटाइम' किमान ३६०० सेकंद, म्हणजे येणारेजाणारे लॅपटॉप आणि पाहुण्यांचे फोन यादीत शिरणार नाहीत.

आणि दुहेरी होस्टपासून जपा. नेटवर्क डिस्कव्हरी मशीनचं नाव डीएनएसवरून घेते, ते डोमेनसकट लांबलचक येतं, डीएनएस नसेल तर नुसता आयपीच नाव म्हणून पडतो. तेच मशीन ऑटो-रजिस्ट्रेशनने आधी छोट्या नावाने आलेलं असतं. मग एका मशीनचे दोन होस्ट होऊ शकतात, अलार्मही दोनदा. दोन नेटवर्क कार्ड असलेल्या सर्व्हरचंही तसंच होतं जर वेगळेपणा आयपीवरून ठरत असेल. नियमात 'डिव्हाइस युनिकनेस' मध्ये आयपीऐवजी एजंटने दिलेलं होस्टनेम निवडलं तर ते टळतं. होस्टच्या यादीत '_२' शेवट असलेली नावं दिसली तर नाव आधीच वापरात होतं म्हणून झॅबिक्सने ते जोडलंय, लगेच जाऊन बघा.

माझ्या मते सरळ नियम हा की ज्यावर एजंट बसतो ते ऑटो-रजिस्ट्रेशनने यावं आणि ज्यावर बसत नाही तेवढंच नेटवर्क डिस्कव्हरीने. मग भांडण राहत नाही.

> तपासा : होस्टची यादी आयपीप्रमाणे लावून बघा, एका आयपीला दोन होस्ट नकोत.

## टप्पा ८ : गेलेली मशिनं

बंद झालेलं, भंगारात गेलेलं मशीन यादीत तसंच राहिलं की लाल अलार्म कायमचा पेटलेला राहतो आणि हळूहळू लोक सगळ्याच अलार्मकडे दुर्लक्ष करायला लागतात. ऑटो-रजिस्ट्रेशनमध्ये जाणाऱ्याची नोंद नसते, एजंट आला हे कळतं, गेला हे कळत नाही. त्यासाठी 'नो-डेटा' फंक्शनचा ट्रिगर लागतो, झॅबिक्सच्या अ‍ॅक्टिव्ह टेम्प्लेटमध्ये तो असतोच, स्वतःचं टेम्प्लेट असेल तर स्वतः घाला. ६.२ पासून अ‍ॅक्टिव्ह एजंट दर मिनिटाला हार्टबीटही पाठवतो त्यामुळे होस्टच्या यादीतही कळतं.

नेटवर्क डिस्कव्हरीने आलेल्यांसाठी दुसरी अ‍ॅक्शन करता येते : घटना 'बंद', मुदत समजा सात दिवस, काम होस्ट डिसेबल. डिसेबलच, रिमूव्ह नाही. रिमूव्ह केलं की त्या मशीनचा सगळा इतिहास त्याच्यासोबत जातो, आणि सर्व्हर बदलल्यानंतर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच की जुन्यावर मेमरी किती लागत होती.

मशीन खरंच काढायचं ठरलं तर आधी त्यावरचा एजंट बंद करा आणि मग झॅबिक्समधून होस्ट काढा. उलट केलंत तर एजंट पुढच्या वेळी यादी मागायला येईल, नाव सापडणार नाही, अट जुळेल, आणि काढलेला होस्ट दोन मिनिटांत परत हजर.